ऑनलाइन बँकिंगचं सुरक्षा सॉफ्टवेअर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांनी असं सॉफ्टवेअर बसवलंय आणि जे अजून विचारच करताहेत, अशा दोघांचेही हे प्रश्न आहेत. मदतकक्षात फोन घेता घेता ते जमा झाले, त्यामुळे क्रमाला फारसा अर्थ नाही. काही प्रश्न रोज येतात, त्यांची उत्तरं लांबली आहेत.

हे सॉफ्टवेअर नेमकं करतं काय?

तुम्ही बँकेची साइट उघडलीत की ती खरोखर बँकेचीच आहे ना, हे ते आधी तपासतं. मग तेवढ्या वेळापुरतं ब्राउझरभोवती कडं करतं. दुसऱ्या कुठल्या प्रोग्रॅमने ब्राउझरमध्ये शिरायचा, तुम्ही दाबलेली अक्षरं टिपायचा किंवा स्क्रीनचा फोटो काढायचा प्रयत्न केला तर त्याला अडवतं. मशीनमध्ये काही आधीच घुसून बसलं असेल तर तेही हुडकतं, आणि बँकेमार्फत घेतलेलं असेल तर बहुधा बँकेलाही कळवतं. काही सॉफ्टवेअर यासाठी वेगळाच ब्राउझर उघडतात, त्याच्या कडेला रंगीत चौकट दिसते. काही नेहमीच्या ब्राउझरच्या पाठीशी गुपचूप बसून असतात.

माझ्याकडे अँटिव्हायरस आहे. मग हे आणखी कशाला?

अँटिव्हायरसचं मुख्य लक्ष फाइलींवर आणि चालू असलेल्या प्रोग्रॅमांवर असतं: काय उतरवलं, काय सुरू झालं, ते ओळखीच्या दुष्टांपैकी आहे का. बँकिंगचं संरक्षण बघतं ते ब्राउझरच्या मेमरीत हात कोण घालतंय. आज सकाळीच तयार झालेला, कुणाच्याच यादीत नसलेला ट्रोजनही (म्हणजे साळसूद रूप घेऊन शिरणारा चोर प्रोग्रॅम) ब्राउझरमध्ये शिरायला शेवटी त्याच दोन-चार वाटांनी येतो, आणि पहारा त्या वाटांवर असतो.

पण विकत घेण्याआधी एक बघा. बऱ्याच पैसे देऊन घ्यायच्या अँटिव्हायरसमध्ये ही सोय आधीच असते, फक्त मेनूत कुठेतरी आत दडलेली. तीच गोष्ट दुसऱ्यांदा विकत घेऊ नका.

साइट खरी होती, पत्ता खरा होता, कुलूपही दिसत होतं. तरी पैसे गेले कसे?

हे विचारणारा माणूस बहुधा चिडलेला असतो, आणि त्याचं चिडणं रास्त असतं. त्याने सांगितलेलं सगळं केलेलं असतं.

पत्त्याशेजारच्या कुलपाचा अर्थ एवढाच, की तुमचा ब्राउझर आणि समोरचा सर्व्हर यांच्यामधला रस्ता बंदिस्त आहे. समोर कोण बसलंय याबद्दल ते फार काही सांगत नाही. फिशिंगच्या, म्हणजे बँकेची नक्कल करून माहिती काढून घेणाऱ्या साइटवरही कुलूप असतंच. लोक त्याला भरवशाची खूण समजून बसले, म्हणून सप्टेंबर २०२३ मध्ये क्रोमने ते चिन्हच काढून टाकलं. आणि तुमच्या बाबतीत तर चोर रस्त्यात नव्हताच. तो ब्राउझरमध्ये होता.

२००७ मध्ये उघडकीस आलेल्या झ्यूस या ट्रोजनने ही पद्धत सर्वदूर नेली. बँकेचं पान बंदिस्त रस्त्याने येतं, ब्राउझर ते उलगडतो, आणि तुमच्या डोळ्यांपुढे मांडण्याआधीच्या क्षणी ट्रोजन त्यात स्वतःची भर घालतो. लॉगिनच्या पानावर ग्राहक क्रमांक आणि पासवर्ड असे नेहमीचे दोन रकाने असतात. त्याखाली तिसरा उगवतो: ‘सुरक्षेसाठी कार्डाचा पिन टाका.’ अक्षरं तीच, रंग तोच, कडांची गोलाईसुद्धा तीच. बँकेने तो रकाना पाठवलेलाच नसतो. माझ्याशी बोललेल्या एका बाईंना संशय आला तो त्या ओळीच्या शेवटी पूर्णविराम होता म्हणून. बाकीच्या पानावर एकाही रकान्याच्या नावापुढे पूर्णविराम नव्हता. इतकी नजर दर वेळी सगळ्यांनी ठेवावी, ही अपेक्षाच चुकीची आहे.

पुढची पायरी अधिक बेमालूम. तुम्ही ओळखीच्या माणसाला ५,००० पाठवता. ब्राउझरमधून बाहेर पडताना त्याचे ४८,००० होतात आणि खाते क्रमांक भलताच. बँकेकडून पोच येते ४८,००० ची, ट्रोजन ती वाटेत पुन्हा बदलून तुम्हाला ५,००० दाखवतो. २००९ मध्ये सापडलेला यूआरएलझोन तर खात्यातली शिल्लकसुद्धा खोटी दाखवायचा. त्यामुळे चोरी कळायची ती दुसऱ्या मशीनवर खातं उघडल्यावर किंवा एटीएमने पैसे नाहीत म्हटल्यावर.

२०११ मध्ये झ्यूसचा सोर्स कोड, म्हणजे तो ज्यातून बनतो तो मूळ मजकूर, फुटला आणि ज्याला त्याला मिळाला. त्याच्याच पोटी जन्मलेल्या गेमओव्हर झ्यूसचं जाळं २०१४ मध्ये अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून मोडलं. वंश मात्र चालूच आहे. ब्राउझरभोवतीचं कडं मुळात याच घराण्यासाठी बांधलेलं आहे.

पण ओटीपी असतो ना?

असतो, आणि तो असलाच पाहिजे. फक्त तो काय सिद्ध करतो ते नीट समजून घ्या. हा फोन जवळ असलेल्या माणसाने ‘काहीतरी’ मंजूर केलं, एवढंच. ते काहीतरी म्हणजे काय, हे मेसेजवर अवलंबून आहे.

हे दोन मेसेज शेजारी ठेवून बघा. पहिला: ‘तुमचा ओटीपी ४८१९०२ आहे. कुणालाही सांगू नका.’ दुसरा: ‘शेवटचे अंक ७३१४ असलेल्या खात्यात ४८,००० पाठवण्यासाठी ओटीपी ४८१९०२.’ वरच्या उदाहरणातला ट्रोजन पहिल्या मेसेजसमोर सहज निभावून जातो. दुसऱ्यासमोर उघडा पडतो, कारण कंप्युटरच्या स्क्रीनवर ५,००० आहेत आणि फोनवर ४८,०००. युरोपीय संघात १४ सप्टेंबर २०१९ पासून मंजुरीचा कोड त्याच रकमेशी आणि त्याच खात्याशी बांधलेला असणं बंधनकारक आहे; रक्कम बदलली की कोड निकामी.

अडचण अशी की मेसेज कुणी वाचत नाही. मी स्वतःही कित्येकदा वाचलेला नाही. नजर थेट सहा आकड्यांवर जाते, आणि हल्ली तर फोनच ते आकडे उचलून रकान्यात भरतो, मेसेज उघडावासुद्धा लागत नाही. हे पान वाचून एकच सवय बदलणार असाल तर ही बदला: आकडे शेवटी बघा, रक्कम आणि खातं आधी.

एसएमएसची स्वतःची दुखणी वेगळीच. तुमच्या नावाने दुसरं सिम काढलं की ओटीपी तिकडे जातात. फोनवरचे एसएमएस चोरणारा झ्यूसचा जोडीदार झिटमो २०१० मध्येच आला होता. जर्मनीत २०१७ मध्ये चोरट्यांनी टेलिफोन कंपन्यांच्या आपसातल्या जुन्या यंत्रणेतली उणीव वापरून ओटीपी परस्पर वळवले आणि खाती रिकामी केली. त्याच वर्षी अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने एसएमएसवरचे कोड ‘मर्यादित’ वर्गात टाकले: वापरा, पण धोका ओळखून. अ‍ॅपमध्ये दर ३० सेकंदांनी बदलणारा कोड सिमच्या चोरीतून सुटतो. पण खोट्या साइटवर तुम्हीच तो टाकलात तर चोराला तेवढे ३० सेकंदही पुरतात.

मी सगळं मोबाइलवरच करतो. कंप्युटरचा संबंधच नाही. मग मला भीती नाही ना?

भीतीची जागा बदलते. मोबाइलवर एक अ‍ॅप दुसऱ्याच्या आत सहसा शिरू शकत नाही, हा फोनचा मोठा गुण. म्हणून चोर तुमच्याकडूनच किल्ली मागून घेतो.

अँड्रॉइडमध्ये ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ नावाची परवानगी आहे. ज्यांना दिसत नाही किंवा बोटांनी स्क्रीन वापरता येत नाही, त्यांच्यासाठी ती केलेली. ही परवानगी मिळालेलं अ‍ॅप स्क्रीनवरचं सगळं वाचू शकतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबू शकतं. आजचे बहुतेक बँकिंग ट्रोजन हिच्यावरच जगतात. ‘तुमचं पार्सल अडकलंय’ असा मेसेज येतो, लिंकवरून अ‍ॅप उतरतं, आणि ते सेटिंग्जचं पान उघडून म्हणतं की हे एक बटण चालू केल्याशिवाय पार्सल दिसणार नाही. फ्लूबॉट याच युक्तीने देशोदेशी पसरला; २०२२ मध्ये पोलिसांनी त्याची यंत्रणा ताब्यात घेतली. परवानगी मिळाली की अ‍ॅप शांत बसतं. तुम्ही बँकेचं अ‍ॅप उघडलंत की त्यावर हुबेहूब तसंच पान पसरतं, आणि पासवर्ड तुम्ही त्या वरच्या पानात टाकता.

अँड्रॉइड १३ पासून बाहेरून उतरवलेल्या अ‍ॅपला ही परवानगी सहजासहजी देता येत नाही, आधी वेगळी अडसर काढावी लागते. चोर ती कशी काढायची हेही चित्रांसकट समजावून सांगतात, हा भाग निराळा. आत्ता फोन हातात असेल तर सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी शोधा आणि तिथे ‘उतरवलेली अ‍ॅप’ किंवा तत्सम शीर्षकाखाली काय चालू आहे बघा. बहुतेकांच्या फोनवर तिथे काहीच नसतं. काही असेल आणि ते का आहे हे तुम्हाला सांगता येत नसेल, तर ते बंद करा. बंद करताना ते पान आपोआप मिटत असेल, बोट ठेवायच्या आत मागे उडी मारत असेल, तर बँकेचे व्यवहार त्या फोनवरून लगेच थांबवा. परवानगी कुणी काढून घेऊ नये म्हणून ट्रोजन स्वतःच मागे जायचं बटण दाबत असतो.

बँकेचं अ‍ॅप स्क्रीनशॉट का घेऊ देत नाही? बिघाड आहे का?

बिघाड नाही. अ‍ॅपने फोनला मुद्दाम तसं सांगितलेलं असतं, म्हणजे स्क्रीन टिपणाऱ्या दुसऱ्या अ‍ॅपच्या हाती काळं पान लागतं. पावती हवी असेल तर अ‍ॅपमधूनच उतरवून घ्या.

स्क्रीनवरचा कीबोर्ड माउसने दाबला की झालं ना?

फक्त खऱ्या कीबोर्डची बटणं टिपणाऱ्या जुन्या चोरापुरतं. क्लिकच्या वेळी स्क्रीनचा फोटो काढणारे केव्हाच आले, आणि ब्राउझरमध्ये बसलेल्याला तर रकान्यात शेवटी काय भरलं ते तसंही दिसतं.

तुमचं सॉफ्टवेअर माझी शिल्लक बघतं का? पासवर्ड कुठे पाठवतं का?

चांगला प्रश्न, आणि फार कमी लोक विचारतात. असं सॉफ्टवेअर अतिशय खोलवर बसतं, त्यामुळे त्याला दिसू शकतं पुष्कळ. ते काय पाठवतं हा वेगळा मुद्दा. संशयास्पद साइटचे पत्ते, सापडलेल्या दुष्ट फाइलींच्या खुणा, मशीनची आवृत्ती, कधी कधी कुठल्या बँकेची साइट उघडली ते, हे बहुधा जातं. पासवर्ड दुसऱ्या साइटवर वापरला जातोय का हे पाहणारी सॉफ्टवेअर मूळ पासवर्ड न ठेवता त्यापासून बनवलेली एकदिशा खूण ठेवतात, जिच्यावरून उलटं जाता येत नाही. असायला असं हवं. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये तसं आहे का, हे त्याच्या गोपनीयता धोरणात लिहिलेलं असतं. ते पान कंटाळवाणं असतं हे मान्य, पण ‘काय गोळा करतो’ आणि ‘कुणाला देतो’ हे दोन परिच्छेद तरी वाचा. त्यांचं उत्तर गोलमोल असेल तर बसवू नका. हे मी विकणाऱ्यांच्याच बाजूला बसून सांगतोय.

बसवल्यापासून ब्राउझर रखडतो, मध्येच बंद पडतो.

याला इतिहास आहे. जुनी सॉफ्टवेअर ब्राउझरच्या आत स्वतःचा कोड घालून पहारा द्यायची. ट्रोजनही तेच करतो, त्यामुळे ब्राउझरच्या दृष्टीने दोघे सारखेच. क्रोमने २०१८ पासून विंडोजवर असा बाहेरचा कोड अडवायला सुरुवात केली, कारण त्यामुळे ब्राउझर कोसळत होता. नव्या सॉफ्टवेअरनी रीत बदलली, जुन्या आवृत्त्या मात्र अजून कुठे कुठे बसलेल्या आहेत. आधी अपडेट करा. मग बघा, एकाच मशीनवर अशी दोन सॉफ्टवेअर तर नाहीत ना. दोन पहारेकरी एकमेकांनाच चोर समजून धरतात, आणि तुम्हाला फक्त अडकलेलं पान दिसतं. एवढ्यानेही सुटलं नाही तर काढून टाका आणि विक्रेत्याकडे तक्रार करा. कंटाळून संरक्षण अर्धवट बंद करून ठेवणं सगळ्यात वाईट, कारण मग ‘आहे आपल्याकडे’ हा भरवसा तेवढा उरतो.

खरं सॉफ्टवेअर कोणतं, नकली कोणतं, हे कसं ओळखायचं?

बँकेने सुचवलेलं असेल तर बँकेचा पत्ता स्वतः टाइप करून, लॉगिन करून, तिथे दुवा आहे का बघा. मेलमधल्या लिंकवरून नको, जाहिरातीवरून नको, शोधयंत्राच्या पहिल्या निकालावरूनही नको, कारण ती वरची जागा पैसे देऊन मिळते. ‘बँक सुरक्षा’ अशा नावाखाली ट्रोजनच विकायला बसलेला असतो. कुंपणच शेत खातं ते असं. फोनवर कुणी ‘आमचं सुरक्षा अ‍ॅप उतरवा’ म्हणालं आणि त्यासाठी अनोळखी स्रोतावरून उतरवायची परवानगी चालू करायला लावली, तर तो माणूस बँकेचा नाही. यात अपवाद मी पाहिलेला नाही.

पासवर्ड मॅनेजर वापरला तर चालेल का? आणि पासकी म्हणजे काय?

दोन्ही वापरा. पासवर्ड मॅनेजर म्हणजे पासवर्ड साठवून ते त्या-त्या साइटवर आपोआप भरणारं सॉफ्टवेअर. माणसाची नजर चुकते तिथे तो चुकत नाही. २०१७ मध्ये एका संशोधकाने रशियन वगैरे भाषांच्या सिरिलिक लिपीतली अक्षरं जोडून अ‍ॅपलच्या साइटसारखाच दिसणारा पत्ता नोंदवून दाखवला होता. डोळ्यांना फरक कळणं शक्यच नव्हतं. पासवर्ड मॅनेजर अशा पत्त्यावर पासवर्ड भरत नाही, कारण तो आकार बघत नाही, अक्षराचा क्रमांक बघतो. नेहमी आपोआप भरणारा रकाना आज रिकामा का, असं वाटलं की हाताने पासवर्ड चिकटवायची घाई करू नका. तो रिकामा रकाना हाच इशारा आहे.

पासकी पासवर्डच्या जागी येते आणि आणखी पुढे जाते. गुप्त किल्ली तुमच्या फोनमध्ये किंवा कंप्युटरमध्ये राहते आणि साइटच्या पत्त्याशी बांधलेली असते. खोट्या साइटला तुम्ही ती द्यायची म्हटली तरी देता येत नाही. तिच्यामागचं वेबऑथन हे मानक २०१९ मध्ये पक्कं झालं. तुमची बँक देत असेल तर घ्या. एक मर्यादा आहे: पासकी दार राखते. आत आल्यावर ब्राउझरमध्ये बसलेला ट्रोजन काय करतो, हे तिच्या कक्षेत येत नाही.

सार्वजनिक वाय-फायवर बँकेचं काम करावं का?

बँकेच्या अ‍ॅपचा रस्ता बंदिस्तच असतो, त्यामुळे हा धोका सांगितला जातो तेवढा मोठा राहिलेला नाही. दुसऱ्याच्या कंप्युटरवर लॉगिन करणं मात्र कधीच नको.

माझाच व्यवहार, मीच केला, तरी बँकेने अडवला. का?

कारण पहारा बँकेच्या बाजूलाही असतो. नवं खातं जोडलं आणि पाच मिनिटांत आजवरची सगळ्यात मोठी रक्कम पाठवली, की बँकेच्या यंत्रणेत त्या व्यवहाराचे संशयाचे गुण वाढतात. नवा फोन, आणखी गुण. काही बँका याहून बारीक बघतात: टाइप करण्याची लय, बोट सरकवण्याचा वेग, आणि व्यवहार चालू असताना त्याच फोनवर कॉलही चालू आहे का. हा शेवटचा मुद्दा चमत्कारिक वाटेल, पण पढवून पैसे पाठवायला लावणारा भामटा बळीला फोन ठेवूच देत नाही.

मीच फसून पैसे पाठवले तर सॉफ्टवेअर अडवेल का?

बहुधा नाही. हे स्पष्ट सांगावं लागतं, कारण विकताना कुणी सांगत नाही.

चोर तुमचं नाव घेऊन व्यवहार करत असेल, तर सॉफ्टवेअरला पकडायला काहीतरी असतं: घुसलेला कोड, खोटी साइट, बदललेली रक्कम. पण तुम्ही स्वतः, स्वतःच्या स्वच्छ फोनवरून, खऱ्या अ‍ॅपमधून, पोलीस असल्याचं सांगणाऱ्याला पैसे पाठवलेत, तर यंत्राच्या नजरेने सगळं यथास्थित असतं. स्क्रीन शेअर करणारी अ‍ॅप या दोन्हींच्या सीमेवर येतात. अ‍ॅप अस्सल असतं, परवानगी तुम्ही दिलेली असते, फक्त पलीकडे बसलेला माणूस खोटा असतो. काही सुरक्षा सॉफ्टवेअर आणि बँकांची अ‍ॅप स्क्रीन शेअर चालू दिसली की काम थांबवतात. सगळी नाही.

इथे उपाय यंत्रणेकडूनच यायला हवेत, आणि हळूहळू येताहेत. पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव जुळतं का हे दाखवण्याची पद्धत ब्रिटनमधल्या मोठ्या बँकांनी २०२० मध्ये सुरू केली. युरो वापरणाऱ्या देशांत ती ऑक्टोबर २०२५ पासून सक्तीची आहे. ब्रिटनमध्ये ७ ऑक्टोबर २०२४ पासून असं फसून पाठवलेल्या पैशांचीही भरपाई ८५,००० पौंडांपर्यंत बँकांना द्यावी लागते, आणि तिचा निम्मा वाटा पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेचा. माझ्या मते या निम्म्या वाट्यात खरी ताकद आहे. चोरीचे पैसे फिरवायला भाड्याने घेतलेली खाती उघडू देणाऱ्या बँकेच्या खिशाला प्रथमच चाट बसू लागली.

स्क्रीनभर लाल इशारा आला, भोंगा वाजतोय, खाली फोन नंबर आहे. लावू का?

नका लावू. ते ब्राउझरमधलं एक पान आहे, बाकी काही नाही. एस्केप दाबून धरा, नाहीतर ऑल्ट आणि एफ४ एकत्र दाबा. त्यानेही गेलं नाही तर मशीन सरळ बंद करा. खऱ्या सॉफ्टवेअरचा इशारा छोटा आणि रटाळ असतो: अमुक फाइल, अमुक ठिकाणी, वेगळी ठेवली. तो भोंगा वाजवत नाही आणि नंबर देत नाही.

पैसे गेले. आता आधी काय करू?

दुसऱ्या फोनवरून बँकेला कॉल. नंबर कार्डाच्या मागचा, शोधयंत्रात सापडलेला नव्हे. खातं गोठवायला सांगा, पैसे जिथे गेले त्या बँकेला कळवायला सांगा, तक्रारीचा क्रमांक आणि वेळ लिहून घ्या. चोरीचे पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या असे पळतात, म्हणून पहिले काही तास फार मोलाचे. मग ते मशीन नेटवरून तोडा. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून. पोलिसांत तक्रार त्याच दिवशी.

आणि मशीन फॉरमॅट करू नका. घरातला जाणकार मुलगा मदतीच्या भरात पहिलं काम तेच करतो, आणि तुमची चूक नव्हती हे सांगणारा पुरावा त्यातच जातो.

जुन्या मशीनवर चालेल का?

सॉफ्टवेअर चालेलही, पण खालची जमीन भुसभुशीत असेल. विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. अपडेट बंद झालेल्या फोनवर किंवा कंप्युटरवर बँकेचं काम करू नका, वर कितीही पहारे बसवा.

आईबाबांच्या कंप्युटरवर बसवून देऊ का?

द्या, पण त्यांना शेजारी बसवून. बँकेत जाऊन किंवा अ‍ॅपमधून रोजची पाठवण्याची मर्यादा त्यांना लागेल तेवढीच ठेवा. सुरुवातीची मर्यादा बहुधा गरजेच्या कितीतरी पट असते. नवं खातं जोडल्यावर काही तास थांबण्याची सोय असेल तर ती चालू करा.

मी बाबांना बसवून दिलं तेव्हा ती रंगीत चौकट बघून त्यांनी विचारलं, “अशी चौकट चोरालाही काढता येईल की?” येते. खोट्या पानाभोवती रंगीत रेघ ओढायला कितीसा वेळ लागतो? मला हा प्रश्न इतक्या वर्षांत एकाही ग्राहकाने विचारला नव्हता. मग आम्ही असं ठरवलं, की चौकट बघून ओळखायचंच नाही. बँक उघडायची ती फक्त सॉफ्टवेअरच्या आयकॉनवरून, मेसेजमधून नाही, मेलमधून नाही. बाबांनी तो आयकॉन डेस्कटॉपच्या डाव्या कोपऱ्यात ओढला आणि त्याच्या आसपासचे बाकीचे सगळे उचलून दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवले.